ओटी भरलेली पेटी

ईश्वर बनसोडे यांनी मधमाश्यांविषयी पुष्कळ वाचलं होतं, पण मधमाश्या मात्र फारशा पाहिल्या नव्हत्या. त्यांची सारी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली होती आणि निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी शहरातल्या वाचनालयात जाऊन बसत. तिथंच एकदा कुंभारी गावची जगदेवी काउंटरवर मधमाशीपालनाचं मराठी पुस्तक मागत होती. तिच्या बचत गटाला माश्यांच्या दोन पेट्या मिळाल्या होत्या. शिकवायला आलेला माणूस एकदा येऊन गेला, तो परत फिरकला नव्हता.

"तसलं काही नाही आमच्याकडं," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

ईश्वरराव परक्यांच्या बोलण्यात कधी पडत नसत. त्या दिवशी पडले. "आहे. शेतीच्या कपाटात, खालच्या खणात."

जगदेवीनं पुस्तक चाळलं आणि मिटून त्यांच्याच पुढ्यात ठेवलं. "हे वाचून कवा व्हायचं सर? तुमाला ठावं हाय न्हवं सगळं? मग तुमीच चला की."

ते गेले. मग जातच राहिले. कुंभारीत जगदेवीच्या घरामागं शेवग्याच्या सावलीत दोन्ही पेट्या ठेवलेल्या होत्या. तिथं त्यांच्यासाठी खुर्ची यायची, चहा यायचा. ते सांगायचे आणि बायका ऐकायच्या. राणी फक्त नावाची राणी असते, हुकूम कुणालाच सोडत नाही, जन्मभर अंडी घालते. म्हातारी झाली की कामकरी माश्याच तिच्या जागी दुसरी तयार करतात. साध्याच अंड्यातली अळी, पण तिला खाणं वेगळं आणि घर मोठं, म्हणून ती राणी होते. हे सगळं त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं पडून होतं, आता त्याला ऐकणारं कुणी मिळालं होतं. त्या दिवसांत ते घरी थोडं ताठ चालत, असं त्यांच्या मुलीचं, बुद्धप्रियाचं म्हणणं होतं.

सोलापूरची संक्रांतीतली गड्ड्याची यात्रा संपली त्या सुमारास एका पेटीतली राणी थकली. माश्यांनी पोळ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखं राणीघर बांधलं. त्यातून नवी राणी निघाली. आता ती एकदा बाहेर उडणार, वरच्या वर नरांशी तिचा संग होणार आणि ती परत येणार. परत आली तर पेटी जगेल. पण वाटेत तारेवर वेडे राघू बसलेले असतात, ते माश्या टिपतात.

"आन न्हाई आली तर?" जगदेवीनं विचारलं होतं.

"तर दुसऱ्या पेटीतली, ताजी अंडी असलेल्या पोळ्याची चौकट हिच्यात द्यायची. माश्या त्यातून दुसरी राणी करतील. पण हे वेळेत व्हायला हवं. उशीर झाला तर कामकरी माश्या स्वतःच अंडी घालायला लागतात. त्यातून नुसते नर निघतात. नर काम करत नाहीत. मग पेटी संपते."

म्हणून राणी परतली का ते पाहायला त्या दिवशी सगळ्या जमल्या होत्या. जगदेवी होती, तिची सासू नीलम्मा होती, शेजारची सोनाबाई होती, गटातल्या आणखी काहीजणी होत्या. ईश्वररावांनी तोंडावर जाळी चढवली, धूर दिला, पहिली चौकट उचलून उन्हात धरली.

त्यांना काहीच दिसलं नाही. म्हणजे, कुणीतरी पिठलं ढवळावं तसं तपकिरी काहीतरी हलताना दिसलं. डोळ्यांत मोतीबिंदू होता. बुद्धप्रिया ऑपरेशनसाठी वर्षभर मागं लागली होती आणि ते वर्षभर भीत होते. राणी कशी ओळखायची ते त्यांना तोंडपाठ होतं. अंगानं लांब, रंगानं काळसर, आणि ती जाईल तिथं माश्या तिच्याकडं तोंड करून वाट देतात. त्यांनी दुसरी चौकट पाहिली, तिसरी पाहिली. बायकांची कुजबुज थांबली.

"दिसली का, सर?" जगदेवीनं विचारलं.

दारातून माश्या पायांना पिवळे परागकण लावून आत जात होत्या. परागकण येतायत म्हणजे राणी असणारच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पुस्तकात त्याच्या आधी 'बहुधा' होतं, ते त्यांनी वगळलं.

"दिसली," ते म्हणाले.

"कुटं? मला बी दाखवा की."

त्यांनी बोट केलं. माश्यांची जिथं दाटी होती तिथं. "ती बघा. ती सरकली."

जगदेवी वाकली. क्षणभर थांबली. "व्हय की! दिसली!"

मग सोनाबाईलाही दिसली. तिच्या मागच्या दोघींनाही दिसली. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीतून नुसती डोकी बघून आलेला माणूस घरी 'दर्शन छान झालं' सांगतो, तसं ते एकीकडून दुसरीकडं गेलं.

"लई देखणी हाय," सोनाबाई म्हणाली. "आन नशीबवान. नवरा वरच्या वर मरतो म्हणं हिचा. सर बोलले न्हाईत का? सासू न्हाय, नवरा न्हाय, ऐश हाय बाई."

"सासू न्हाय कशी? मी हाय की," नीलम्मा म्हणाली. "यव्वा जगदेवी, खण आण. नवी सून दारात परत आली, ओटी भरल्याबिगर कशी ठेवायची?"

हसता हसता खरंच खण आला, नारळ आला, तांदूळ आले. पेटीच्या झाकणावर हळदीकुंकू लागलं. ईश्वरराव हे थांबवू शकले असते. त्यांनी जाळी काढली आणि चष्मा पुसला. तेवढ्यात नीलम्मानं त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि खांद्यावर कोरा सोलापुरी टॉवेल टाकला. "घ्या मास्तर. तुमी व्हता म्हणून झालं."

बसमध्ये त्यांनी टॉवेलाची घडी घालून ती मांडीवर ठेवली, मग पिशवीत खाली कोंबली. घरी बुद्धप्रियानं ती बाहेर काढली.

"हा कसला, पप्पा?"

"सत्कार केला त्यांनी."

"कशाबद्दल?"

"राणी दिसली म्हणून."

"तुम्हाला? परवा समोर दूध उतू चाललं होतं ते दिसलं नाही तुम्हाला." तिनं हसत टॉवेल दोरीवर टाकला. त्यांनी तो काढून कपाटात ठेवला.

त्यानंतर रोज त्यांनी फोन हातात घेतला. सांगायला अवघड असं काही नव्हतं. 'पुन्हा एकदा पाहू या' एवढंच म्हणायचं होतं. पण पुन्हा का, असं जगदेवीनं विचारलं असतं. आणि राणी असेलही, असं ते स्वतःला सांगत. नसेलच कशावरून? असं करता करता ताज्या अंड्यांची चौकट द्यायची वेळ गेली. ती जात असल्याचं त्यांना कळत होतं.

मग जगदेवीचाच फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"सर, राणी लई भारी निघाली! आत्ताच उघडली पेटी. एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी! कडंला बी चिकटवल्यात. काय बाई पोट हाय का पोतं?"

राणी एका घरात एकच अंडं घालते, अगदी तळाशी, मधोमध. तिचं पोट लांब असतं, ते तिथपर्यंत पोचतं. कामकरी माशीचं पोचत नाही. ती घालते ते कडेला, आणि आधी कुणी घातलंय का हे बघतही नाही.

"वळसंगचा दिग्विजय हाय न्हवं, डाळिंबवाला," जगदेवी बोलतच होती, "त्याला मी शबूद दिला. फुलं लागली की ही पेटी तुझ्या बागेत. सर म्हणालेत राणी चांगली हाय म्हणून सांगितलं."

"बरं," ईश्वरराव म्हणाले. "बरं, बरं." आणि त्यांनी फोन ठेवला.

पहिल्या वेळेपेक्षा ही लाज मोठी होती. पहिल्यांदा त्यांना राणी दिसली नव्हती. या वेळी सगळं स्वच्छ दिसत होतं.

दुपारभर ते मनात वाक्य जुळवत बसले. 'राणी दिसण्याबाबत गैरसमज झाला असावा.' वाक्य चांगलं होतं, पण त्यात कुणीच नव्हतं, गैरसमज आपोआप झाला होता. त्यांनी ते सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी कपाटातला टॉवेल पिशवीत टाकून आणि वर्तमानपत्राचा एक अंक बगलेत घेऊन ते कुंभारीला गेले.

ओट्यावर नीलम्मा शेंगा फोडत होती, सोनाबाई होती. जगदेवी चहाला उठली.

"चहा नको," ते उभ्यानंच म्हणाले. "जगदेवीताई, त्या दिवशी मला राणी दिसली नव्हती."

"आँ?"

"मला दिसत नाही. डोळ्यात मोतीबिंदू आहे. मी खोटं बोललो. पेटीत राणी नाही. ती अंडी कामकरी माश्यांची आहेत."

नीलम्माच्या हातातली शेंग तशीच राहिली. जगदेवी परत खाली बसली.

"मग मला दिसली ती काय हुती?" तिनं विचारलं, पण त्यांना नव्हे. मग स्वतःच म्हणाली, "मला बी न्हाई दिसली. तुमी बोट केलं, म्हटलं आसंल. सगळ्यांम्होरं न्हाई कसं म्हणू?" ती सोनाबाईकडं वळली. "तुला गं?"

"मला तर तुझं डोस्कंच दिसत हुतं," सोनाबाई म्हणाली.

कुणीतरी हसेल असं ईश्वररावांना वाटलं. आपण सगळेच सारखे, असा एक सुटकेचा विचारही मनात डोकावला. जगदेवीनं तो फार वेळ टिकू दिला नाही.

"आमी न बघता दिसली म्हटलं, ते तुमच्या भरवशावर. तुमी कुणाच्या भरवशावर म्हटलं, सर?"

त्यांनी बगलेतला अंक हातात घेतला.

"ओटी भरली मी," नीलम्मा हळूच म्हणाली. "रिकाम्या घराची."

शेवटी जगदेवीनंच विचारलं, "आता काय करायचं?"

"आता नुसती चौकट देऊन उपयोग नाही. या माश्या दुसऱ्या पेटीत मिसळता येतील. मध्ये कागद घालून." त्यांनी वर्तमानपत्र पुढं केलं. "एकदम सोडल्या तर वास वेगळा म्हणून एकमेकींना मारतील. मध्ये कागद असला की तो कुरतडून पलीकडं जाईपर्यंत वास एक होतो."

"म्हंजी दोन पेट्यांची एकच पेटी."

"हो."

"आन न्हाईच केलं तर?"

"तर ही हळूहळू रिकामी होईल."

"केलं तर दुसरी वाचंल न्हवं?"

"वाचावी. पण..."

"पन काय? सगळं बोला आता."

"या माश्यांना राणी नको झालेली असते. कधी कधी त्या चांगल्या राणीलाही मारतात. मग दोन्ही पेट्या जातात. दुसरी पेटी भरलेली आहे, म्हणून शक्यता कमी. पण आहे."

जगदेवीनं दोन्ही पेट्यांकडं पाहिलं. मग पदर खोचला. "करू. दिग्विजयला मी सांगते पेटी न्हाय म्हणून. खोटं बोललं कोन, ते बी सांगणार."

"सांगा," ईश्वरराव म्हणाले.

ऊन उतरेपर्यंत थांबायचं होतं. त्यांना खुर्ची कुणी दिली नाही, त्यांनीही मागितली नाही. ते पायरीवर बसून अंकातलं पान निवडत राहिले. श्रद्धांजलीचं पान त्यांनी बाजूला ठेवलं आणि बाजारभावाचं घेतलं.

मिसळायच्या आधी दुसऱ्या पेटीत राणी आहे याची खात्री हवी होती. जगदेवीनं जाळी उचलली आणि सवयीनं त्यांच्यापुढं धरली.

"तुम्ही घाला," ते म्हणाले. "तुम्ही बघा. मी नुसतं विचारतो."

तिनं जाळी घातली, चौकट उन्हाकडं तिरपी धरली.

"एका घरात किती?"

"एकच."

"कडेला की तळाशी?"

"तळाला. मधोमध, उभं. बारीक तांदळावानी." ती दुसरीकडं वळली. "हितं बी एकच."

"मग ती आहे. अंडं उभं म्हणजे ताजं. काल-परवापर्यंत नक्की होती."

"थांबा." तिनं पुढची चौकट उचलली. मग त्याच्या पुढची. बायका मागं उभ्या होत्या, पण या वेळी कुणी वाकली नाही. ईश्वररावांच्या ओठांवर आलं होतं, 'दिसली का?' त्यांनी ते गिळलं. विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं.

"न्हाय दिसली," जगदेवी सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली. "अंडी हायेत. पन राणी मला दिसली न्हाय."

हे एवढं सोपं होतं. ईश्वररावांना मान वर करवेना.

तिनं बाजारभावाचं पान पेटीवर पसरलं, दाभणानं त्याला दोन-चार भोकं पाडली आणि हळदीकुंकवाची पेटी, तळाची फळी काढून, तिच्या चौकटींसकट वर ठेवली. तिचं झाकण उचललं तेव्हा आतून एक लांब, हुंदक्यासारखा आवाज आला. राणी नसलेल्या माश्या असा आवाज करतात, असं त्यांनी वाचलं होतं. ऐकला आज पहिल्यांदा.

निघताना त्यांनी पिशवीतून टॉवेल काढून नीलम्मापुढं ठेवला. तिनं तो उलटून पाहिला.

"दिलेलं परत घेत न्हाईत मास्तर," ती म्हणाली. "न्या. डोळ्याचं काम कराल तवा लागंल."

जगदेवी त्यांना सोडायला दारापर्यंत आली नाही.

काही दिवसांनी, ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला ते दवाखान्यात बाकावर बसले होते, शेजारी बुद्धप्रिया होती, तेव्हा फोन वाजला. जगदेवीचा होता. तो उचलायलाही त्यांना धीर होईना. मुलीनं बटण दाबून तो त्यांच्या कानाला लावला.

"सर, कागद कुरतडला. सगळा भुगा दाराभायेर टाकलाय. मेलेल्या माश्या हायेत, पन थोड्या."

"आणि... अंडी?"

"वरच्या चौकटीत बी आता एकेकच. तळाला."

"बरं."

"राणी अजून दिसली न्हाय मला," जगदेवी म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता. मग तिनं विचारलं, "तुमचं डोळ्याचं कवा हाय?"