वाघोलीच्या हॉस्टेलचा एकुलता एक ब्लेझर

मित्रांनो, सगळ्यात आधी एक विनंती. मला कोट म्हणू नका. कोट लग्नात घालतात आणि पंगत उठेपर्यंत त्याच्यावर श्रीखंड सांडलेलं असतं. मी ब्लेझर आहे! जुना आहे, कोपरांपाशी थोडा चकाकतो, पण नोकरीच्या जितक्या मुलाखती मी पाहिल्यात तितक्या पुण्यात फार थोड्या जणांनी पाहिल्या असतील.

माझा जन्म नारायण पेठेतल्या एका शिंप्याच्या दुकानात झाला. साल दोन हजार. तेव्हा शहरात जो तो कॉम्प्युटर शिकत होता. बोळाबोळांतून क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. वल्लरी नावाची एक मुलगी वडिलांबरोबर माझं माप द्यायला आली. शिंपीकाकांनी जन्मभर नवरदेवांचे सूट शिवलेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"मुलीला ब्लेझर कशाला?"

"मुलाखत आहे हो तिची," वडील म्हणाले.

"मुलाखत मुलीची घेणारेत की ब्लेझरची?"

एवढं बोलून त्यांनी मला शिवलं मात्र अगदी मन लावून. फक्त सवयीने बटणं पुरुषांच्या बाजूला लावली. त्यामुळे मला पहिल्यांदा घालणारी प्रत्येक मुलगी बटण लावताना गोंधळते. मला त्याची फार गंमत वाटते.

वल्लरी वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. रोज पेठेतून ये-जा नको म्हणून ती हॉस्टेलवर राहायची. पहिल्याच कंपनीत तिची निवड झाली आणि जाताना तिने मला हॉस्टेललाच देऊन टाकलं. "पुढच्या मुलींना होईल," ती म्हणाली.

पण पुढच्या वर्षी कंपन्याच आल्या नाहीत. तिकडे अमेरिकेत बाजार पडला आणि इकडे कॉलेजचा मुलाखतींचा हॉल ओस पडला. माझं काय झालं असेल? हॉस्टेलच्या रेक्टर सुशीलाबाईंनी मला ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून पांघरलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तरी मी कॉम्प्युटरच्या क्षेत्रातच राहिलो, एवढं समाधान होतं.

हळूहळू दिवस पालटले. दोन हजार चारच्या पावसाळ्यात कंपन्या पुन्हा बसगाड्या भरभरून येऊ लागल्या. सुशीलाबाईंनी मला गच्चीवर नेऊन बदडलं, ऊन दाखवलं, हँगरला टांगलं आणि वर पाटी लावली: 'हा ब्लेझर आहे. टॉवेल, उशी किंवा पडदा नाही. नेताना विचारावे, आणताना झटकावे.'

आणि मग काय विचारता! त्या वर्षी हॉस्टेलमध्ये दुसरं बोलणंच नव्हतं. मेसमध्ये पोळीचा तुकडा मोडता मोडता मुली गणितं घालायच्या. गच्चीवर गोल करून खोटं खोटं ग्रुप डिस्कशन चालायचं आणि त्यात सगळ्या एकदमच बोलायच्या. लॅबमध्ये प्रोग्रॅम चालला की आरडाओरडा, नाही चालला की त्याहून जास्त! आणि मुलाखतीच्या दिवशी मी या खांद्यावरून त्या खांद्यावर. कुणाला सैल, कुणाला बाह्या आखूड. एक मुलगी बाहेर आली की दारातच मला उतरवायचं आणि दुसरीने चढवायचं, अशी रीतच पडली.

या मुलींत एक भाग्यश्री होती, यवतमाळकडच्या पुसदची. प्रोग्रॅमिंगमध्ये एक नंबर! पण मुलाखतीत तिची बोबडी वळायची. पाठ केलेली इंग्रजी वाक्यं दुसऱ्या ओळीला संपायची आणि ती गप्प व्हायची. अशा चार कंपन्या निघून गेल्या. तिचे वडील रंगराव फोनवर म्हणायचे, "पुसदले बी कॉम्प्युटर आहेत ना व माय. भाऊच्या झेरॉक्सच्या दुकानात बसशील. घर बी जवळ." ते प्रेमाने म्हणायचे, म्हणून तर तिला नाही म्हणणं अवघड जायचं. आणखी एक मोठी कंपनी यायची होती, त्या वर्षातली शेवटची. तिथेही जमलं नाही तर ती पुसदला परत जाणार, असं ठरलं होतं.

एक अडचण माझ्यामुळेही होती. मला घालायची पहिली पाळी टॉपरची, असा मुलींचा नियम होता. टॉपर म्हणजे श्रद्धा. भाग्यश्री तोंडी परीक्षेत अडखळायची, त्यामुळे गुणांत मागे. मी तिच्या हाती लागेपर्यंत तिचं नाव पुकारून झालेलं असायचं. ती धापा टाकतच आत जायची. शेवटच्या कंपनीच्या आदल्या संध्याकाळी ती मेसमध्ये उभी राहिली.

"श्रद्धा, हा नियम बदलूया."

"का? टॉपरला आधी नको मिळायला?"

"लॅबमधला प्रिंटर टॉपरचं आधी छापतो का? जिचं नाव आधी पुकारलं, तिला ब्लेझर आधी."

"आणि मी आत असतानाच तुला बोलावलं तर?"

"तर माझा नंबर मी मागच्या मुलाला देईन. मुलांकडे आपापले कोट आहेत. म्हणजे मुलाखत घेणारेही खोळंबणार नाहीत आणि मीही धावणार नाही."

"काय डोकं चालतं गं तुझं!" कुणीतरी ओरडलं. श्रद्धाने ताटात बघत म्हटलं, "बरं बाई. पण कुणी आत विचारलं तर कॉलेजचा युनिफॉर्म आहे म्हणून सांगायचं. एकच ब्लेझर घालून फिरतोय हे कळलं तर अब्रू जाईल."

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. मुलाखती दोन खोल्यांत चालल्या होत्या. श्रद्धा मला घालून एकीत आणि दुसरीसाठी भाग्यश्रीचं नाव! तिने मागे बसलेल्या तेजसला विचारलं, "आधी जातोस?" तो काकाच्या लग्नातला कोट घालून घामाने निथळत होता. "लगेच जातो. सुटेन तरी यातून," म्हणत तो आत गेला. थोड्या वेळाने श्रद्धा आली, मला उतरवता उतरवता भाग्यश्रीच्या कानात म्हणाली, "मॅडमनी ब्लेझरचं विचारलं. मी युनिफॉर्म म्हणून सांगितलंय. तूही तेच सांग हं!"

श्रद्धा जिथून बाहेर पडली, त्याच खोलीत आता भाग्यश्रीचा नंबर लागला. आत एक मॅडम आणि एक सर होते. भाग्यश्रीने पाठ केलेलं सुरू केलं, "मायसेल्फ भाग्यश्री, आय ॲम फ्रॉम पुसद..." आणि गाडी अडली. माझ्या बाहीचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं.

मॅडम माझ्याकडेच बघत होत्या. "मराठीत बोललीस तरी चालेल. आधी एक सांग. हा ब्लेझर मी आज तिसऱ्यांदा बघतेय. सगळ्यांच्या ब्लेझरची बटणं पुरुषांच्या बाजूला कशी? मघाशी एक मुलगी युनिफॉर्म म्हणाली. पण मग बाहेर बसलेल्या मुलींच्या अंगावर का नाही?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच कबूल केलं असतं! भाग्यश्रीने एकदा दाराकडे पाहिलं. खरं सांगावं तर श्रद्धा उघडी पडते, खोटं सांगावं तर...

"एकच आहे मॅडम. आम्ही सगळ्या मिळून वापरतो."

"आणि ती मुलगी?"

"घाबरली असेल. मीही घाबरलेय. पण मला पाठ केलेलं नीट बोलता येत नाही."

सर हसले. "एकच ब्लेझर सगळ्यांना कसा पुरतो?"

आणि भाग्यश्री बोलायला लागली! टॉपरचा जुना नियम कसा होता, त्यात शेवटच्या मुली कशा ताटकळायच्या, नंबर बदलायची युक्ती काय, सगळं. सरांनी कागद पुढे केला, "याचा प्रोग्रॅम लिहून दाखव." ती लिहीत गेली. निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी, कुणाचंच काही अडलं नाही.

"आणि आतली मुलगी बाहेर आलीच नाही तर? किती वेळ थांबशील?"

"थोडाच वेळ, सर. मग ब्लेझर न घालताच आत यायचं."

"आलीही असतीस?"

"आज आले असते," ती म्हणाली. माझा थोडा अपमान झाला, पण मला तो आवडला.

संध्याकाळी नावं वाचली. भाग्यश्रीचं होतं. श्रद्धाचं नव्हतं.

"तू सांगितलंस ना?" श्रद्धाने एवढंच विचारलं.

"सांगितलं. तू घाबरली असशील असंही सांगितलं."

"कुणी सांगितलं होतं तुला माझी बाजू घ्यायला?" श्रद्धा ताडताड निघून गेली आणि कितीतरी दिवस मेसमध्ये दुसऱ्या टेबलावर जेवली.

कॉलेजच्या नियमाप्रमाणे निवड झालेल्या मुलीला पुन्हा मुलाखतीला बसता येत नाही. त्यामुळे पुढे एक छोटी कंपनी अचानक आली तेव्हा भाग्यश्रीचं तिथे काहीच काम नव्हतं. तरी ती सुशीलाबाईंना विचारून, झटकून, इस्त्री करून मला घेऊन आली. रांगेत श्रद्धा उभी होती, साध्या सलवार-कमीजमध्ये. भाग्यश्रीने मला तिच्यापुढे धरलं. श्रद्धाने पाठ वळवून दोन्ही हात मागे केले. भाग्यश्रीने बाह्या चढवल्या.

"विचारलं तर काय सांगू?" श्रद्धा पुटपुटली.

"हॉस्टेलचा आहे म्हण. आहेच की."

आत गेल्या गेल्या, कुणी काही विचारायच्या आधीच श्रद्धा म्हणाली, "हा ब्लेझर माझा नाही, सगळ्यांचा आहे. मागच्या वेळी मी हे सांगायला घाबरले होते." ती नोकरी तिला मिळाली.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटात एखादा चांगला कपडा नुसता लटकत असेल. ज्याला उद्या कुठेतरी पोचायचंय, त्याला तो द्या. धुऊन, इस्त्री करून द्या. आणि देताना 'कुणाला सांगू नकोस हं' असं मात्र चुकूनही म्हणू नका.