पडलेली की ठेवलेली

नोरीन एन्टविसल आमच्या वृद्धाश्रमात एकोणीस वर्षं मदतनीस होती. मी तिथल्याच ऑफिसात टाइपिंग करायचे. दुपारी दोघी एकत्र जेवायचो, तेव्हा ती मला चिडवायची, "जेनिस, घरी नवऱ्याशी भांडतानाही असं पुस्तकातलंच बोलतेस का गं?" मी गिरणीकामगाराची पोर, पण चांगल्या शाळेत शिकलेली. माझं इंग्रजी स्वच्छ होतं आणि मला त्याचा माज होता.

त्या मार्चमध्ये एके दिवशी सकाळी सात वाजता नोरीनला क्लेग आजी त्यांच्या खोलीत जमिनीवर पडलेल्या दिसल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. पडलेल्या माणसाला हलवायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. नोरीनने अंगावर ब्लँकेट घातलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत हात धरून शेजारी बसली. मग वहीत नोंद केली : आजी जमिनीवर 'लेड' होत्या.

आमच्या लँकाशरात, म्हणजे उत्तर इंग्लंडात, पडून असण्याला सगळे असंच म्हणतात. मांजर सोफ्यावर 'लेड' असतं, नवरा रविवारी अकरापर्यंत 'लेड' असतो. पण व्याकरणाने जो आपणहून पडून आहे तो 'लाइंग', आणि 'लेड' म्हणजे कुणीतरी उचलून ठेवलेला.

आजींच्या मुलाने ती नोंद वाचून तक्रार केली आणि मुख्य कचेरीने नोरीनला घरी बसवलं. चौकशीला दक्षिणेकडचे पेव्हरेल साहेब येणार होते. आदल्या रविवारी नोरीन माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात कोटही न काढता बसून राहिली.

"ते म्हणतात, मीच त्यांना उचलून खाली ठेवलं. जेनिस, मी असं कुठं लिहिलंय गं?"

मी समजावलं, नवा जबाब तयार केला, त्यात क्रियापद दुरुस्त केलं. तिने सही केली. जाताना म्हणाली, "तू होतीस म्हणून बरं."

चौकशीत टिपणं घ्यायला मीच होते. पेव्हरेल साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले.

"पहिल्या नोंदीत आजींना ठेवलं होतं. दुसऱ्यात त्या आपोआप पडल्या आहेत. जबाब का बदललात?"

"बदलला नाही साहेब. नीट केला."

"म्हणजे पहिला चुकीचा होता?"

"नाही."

"मग दुसरा?"

नोरीनने माझं नाव घेतलं असतं तर ती सुटली असती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

युनियनचे क्लिफर्ड हॉवर्थ तिच्या बाजूने बसले होते. ते म्हणाले, "साहेब, ही आमच्याकडची बोली आहे. ह्या टिपणं घेणाऱ्या बाई इथल्याच. त्यांना विचारा."

साहेब माझ्याकडे वळले. "मिसेस थॉर्नबर, पडून असलेल्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? लेड की लाइंग?"

सकाळीच मी मुलाला ओरडले होते की अजून 'लेड' काय आहेस, ऊठ. पण साहेबांचा तो धुतलेला उच्चार ऐकला, आणि जबाब कुणी लिहून दिला हे बाहेर येईल अशी धास्ती वाटली.

"लाइंग," मी म्हणाले.

"धन्यवाद. हे लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. नोरीनला काढून टाकलं.

चार रात्री झोप लागली नाही. पाचव्या दिवशी मी मुख्य कचेरीला पत्र लिहिलं : दुसरा जबाब मी तयार केला, आणि माझ्या घरात, माझ्या आईपासून माझ्यापर्यंत सगळे 'लेड'च म्हणतात. युनियनने केलेलं अपील दीड महिन्याने उभं राहिलं. तिथे मला तोंडानेही तेच सांगावं लागलं. क्लेग आजींनी रुग्णालयातून निरोप पाठवला होता की पाय अडखळून त्या स्वतःच पडल्या. नोरीन कामावर परत आली. मला लेखी ताकीद मिळाली.

पण अपिलाच्या निकालात शेवटी एक ओळ होती. गैरसमज पुन्हा होऊ नये म्हणून नोरीनच्या सगळ्या नोंदी ह्यापुढे मी तपासायच्या.

ती आता रोज तीन वाजता वही घेऊन येते. टेबलावर ठेवते आणि दाराशी उभी राहते. पूर्वी पानभर लिहायची, कोण हसलं, कुणी चहा सांडला, सगळं. आता दोन ओळी असतात. 'जेवण झालं. औषध दिलं.'

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "नोरीन, बस ना गं."

"नको मिसेस थॉर्नबर. तुम्ही वाचा."

माझी सही होईपर्यंत तिला जाता येत नाही, आणि सही केल्याशिवाय मलाही उठता येत नाही. मी त्या दोन ओळी सावकाश वाचते. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं.