डावा गाल

अर्ध्याच तोंडाला क्रीम लावायचं, हे खूळ आमच्या लॅबच्या सुधीरचं. डाव्या गालाला क्यू टेन घातलेलं नवं क्रीम, उजव्याला साधं. म्हणजे फरक कळतो म्हणे. अठ्ठ्याण्णव साली तुर्भ्याच्या आमच्या क्रीम-पावडरच्या कंपनीत त्या क्यू टेनचं केवढं कौतुक! अँटिऑक्सिडंट आहे, सुरकुत्या घालवतं. मी पॅकिंगची सुपरवायझर, वय शेहेचाळीस, बिनलग्नाची. "जयमालाताई, तुम्हीच हव्या," म्हणाला मेला. लावलं.

नेरूळच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई, दोघीच. आईला काही आठवायचं नाही. "बाई, तुम्ही कुणाच्या?" असं मला रोज विचारायची. रोज! जिनं तिचं हगणंमुतणं काढलं, तीच परकी. माझं एकच मागणं होतं. जाण्याआधी एकदा तिनं मला जयू म्हणावं.

एका सकाळी तिच्याकडे डावी बाजू करून खाटेवर बसले, पेज ढवळत. तिनं माझा गाल कुरवाळला. "अस्मे, आलीस गं?"

अस्मिता माझी धाकटी बहीण. तिसाव्या वर्षी काविळीनं गेली. आरशात पाहिलं, तर डावीकडून खरंच तीच बघत होती. उजवीकडून मी, दमलेली.

त्यानंतर माझी डावी बाजू समोर असली तरच आई जेवायची. उजवा गाल दिसला की तोंड घट्ट मिटायची. "त्या बाईला घालव गं, अस्मे." ती बाई म्हणजे मी! सुधीर म्हणाला, नवं क्रीम उजवीकडे लावू नका, ट्रायल बिघडेल. खड्ड्यात गेली तुझी ट्रायल, म्हटलं, आणि दोन्ही गालांना तेच थापायला लागले. आई जेवली म्हणजे झालं.

दिवाळीपर्यंत अख्खा चेहरा अस्मिताचा झाला. सोसायटीतल्या बायका विचारायच्या, काय लावतेस गं? मला आरशाची भीती वाटायची. आई मात्र पोटभर जेवत होती.

एका दुपारी वरणभाताचा घास पुढे केला, तर तिनं माझा हात धरला.

"अस्मे, जयू कुठाय? फार राबते गं माझी पोर. ती आल्याशिवाय मी नाही जेवणार."

"आई, अगं मीच जयू!"

"चल, चावट! बोलव तिला."

घास तिनं घेतलाच नाही. शेवटी मी उठले, बाहेरच्या खोलीत गेले आणि हाका मारल्या, जयू, ए जयू.

आतून आईनं विचारलं, "येतेय ना गं?"