फुलाशिवाय लिहिलेलं नाव

गुच्छ ठेवायला बाईंच्या दालनात जागा उरली नव्हती. मुख्य सचिव म्हणून त्यांचं नाव सकाळीच जाहीर झालं होतं, आणि कालपर्यंत जिन्यात तोंड चुकवणारी मंडळी आज तोंडभरून हसत रांगेत उभी होती. रांगेच्या अगदी शेवटी नदीच्या बांधावरचा राखणदार होता. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून हातभर लांबीचे जांभळट तुरे आणले होते. म्हणाला, बाई, तुमच्या गवताला वीस वर्षांत पहिल्यांदाच फुलं आली, अख्खा बांध फुललाय, म्हटलं आज हीच द्यावीत.

बाईंनी कौतुकाने तुरा घेतला, जुन्या सवयीने नखाने एक फूल उकललं, आणि तुरा पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला.

बाई मुळात वनस्पतीशास्त्राच्या. वाळवलेली रोपं कागदावर चिकटवायची आणि खाली नावाची चिठ्ठी लावायची, यात त्यांची उमेदीची सहा वर्षं संग्रहालयात गेली. तिथे त्यांना शिकवणाऱ्या सरांचा एकच दंडक होता: फूल पाहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही, पानं फसवतात. पण वीस वर्षांपूर्वी नदीचा बांध फुटला, खालची वस्ती वाहून गेली, आणि माती धरून ठेवणारं गवत सरकारला आजच्या आज हवं होतं. बाईंनी एका गवताची पानं पाहिली, मुळं पाहिली आणि बेधडक नाव लिहून दिलं. सर म्हणाले, दोन महिने दे, डोंगरात कुठेतरी फुललेलं सापडेल. ह्या कसल्या थांबतात! गवत लावलं, त्याने बांध असा काही धरला की पुढच्या पुरात ढेकूळ हललं नाही. बाईंची थोरली बहीण, जिने आईमागे त्यांना वाढवलं, ती बांधाखाली पुन्हा घर बांधणारी पहिली. तिच्या मागोमाग सगळी वस्ती परत आली. बाईंना सरकारने खात्यात घेतलं, मग खातंच हातात दिलं. कामाला त्या वाघ होत्या, त्यात खोट नाही. लोक त्यांना ‘गवतवाल्या बाई’ म्हणायचे आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

पण त्या गवताच्या जाती दोन. दोन्ही वीस-वीस वर्षं फुलत नाहीत, पानांवरून तर ओळखूच येत नाहीत. एक फुलते आणि पुन्हा जोमाने वाढते. दुसरी जन्मात एकदाच, एका ठिकाणची सगळी एकदम फुलते आणि पंधरा दिवसांत मुळांसकट कुजते. बाईंनी नाव लिहिलं होतं पहिलीचं, नखाखालचं फूल दुसरीचं होतं.

दुपारी बाई एकट्याच संग्रहालयात गेल्या. कपाट तेच होतं, डांबरगोळ्यांचा वासही तोच. तिथली एक रीत आहे. नाव चुकलं तरी जुनी चिठ्ठी कुणी काढत नाही, शेजारी नवी चिकटवतात, खाली सही आणि तारीख घालतात. बाईंनी त्या गवताचा आपला कागद काढला. त्यांच्या चिठ्ठीशेजारी दुसरी चिठ्ठी होती. अक्षर सरांचं, नाव दुसऱ्या जातीचं, तारीख अठरा वर्षांपूर्वीची.

कपाटं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं की सरांना पुढे ते गवत डोंगरात फुललेलं सापडलं, आणि ते सांगायला सर दोनदा बाईंच्या कार्यालयात जाऊन आले होते. भेटीची वेळ ठरलेली नव्हती म्हणून खालच्या खालीच परत पाठवलं त्यांना. मग ते आजारी पडले आणि गेलेच. आपल्या दाराशी सर ताटकळले या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी उपसचिवाला बोलावून सगळं सांगितलं. माणूस मुरलेला. त्याचं म्हणणं असं, की आज तोंड उघडलंत तर खुर्ची गेलीच, आणि खुर्ची नसलेल्या बाईंचा हुकूम कोण ऐकणार? अकरा दिवसांनी पदभार घ्या आणि पहिली सही वस्ती हलवण्याच्या हुकमावर करा. नदी कोरडी ठणठणीत आहे, पावसाला महिना आहे, घाई कसली? बाईंना हे पटलं. अहो, पटवून घ्यायचंच होतं, मग न पटायला काय झालं!

बाई अकरा दिवस मोजत राहिल्या. राखणदार रोज सकाळी फोन करायचा. तुरे झडले. पानं पिवळी पडली. बुंधे काळे पडले. पाणी घालू का, असंही बिचाऱ्याने एकदा विचारलं. नवव्या दिवशी वरच्या डोंगरात अवेळी पाऊस कोसळला, आणि दहाव्या दिवशी तो म्हणाला की पाणी बांधाला लागलंय.

अकराव्या दिवशी बाईंनी पदभार घेतला, पाचव्या मिनिटाला हुकमावर सही केली. तासाभरात अधिकाऱ्यांचा फोन आला. वस्ती जागची हलत नव्हती. हा बाईंचा बांध आहे, तो फुटायचा नाही, असं म्हणून लोक त्यांनाच वेड्यात काढत होते.

बाई स्वतः गेल्या. ताई उंबऱ्यात भाजी निवडत बसली होती आणि गल्लीतल्या बायका तिच्याभोवती होत्या. मी चुकले, गवत चुकीचं लावलं, आत्ताच्या आत्ता निघा, असं बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. ताई हसली. धाकटीला कामाचा शीण आलाय, असं बायकांना म्हणाली आणि तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

बाई घरामागच्या बांधावर चढल्या. पूर्वी पहारीने चार गड्यांना न हलणारा गवताचा एक ठोंब त्यांनी एका हाताने धरून ओढला. तो वाळूतून यावा तसा अलगद वर आला. मुळं काळीठिक्कर पडली होती. खाली पडलेल्या खड्ड्यात गढूळ पाणी हळूहळू भरू लागलं आणि काठावरून ओघळून ताईच्या परसात उतरलं.

मग कुणीतरी पोराला हाक मारली आणि एकच पळापळ सुरू झाली. ताई मात्र पळाली नाही. ती खड्ड्याकडे न पाहता बहिणीकडे पाहत होती.

“तुला हे कधी कळलं?”

“अकरा दिवस झाले, ताई.”

“अकरा दिवसांपूर्वी नदीत पाणीच नव्हतं गं,” ताई म्हणाली आणि घरात वळली. आत भावोजी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते, आणि त्यांना नुसतं बसतं करायलाही चौघं लागत.