ताणून बसवलेला तुकडा

ऑफिसात सगळे तिला वहिनी म्हणत, आणि त्या हाकेत मायेचा अंशही नव्हता. नाव पाडलं होतं तिच्या नणंदेनं. नणंदेला सगळे ताई म्हणायचे. ग्रहांच्या नकाशांचा अख्खा विभाग तिच्या हाताखाली होता. वहिनी तिथे बदलून आली त्या पहिल्याच सकाळी ताईनं सगळ्यांसमोर ओळख करून दिली, "या आमच्या वहिनी. दादाच्या पुण्याईनं आल्यात, सांभाळून घ्या." झालं. सव्वीस वर्षं उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांचे नकाशे करणारी बाई एका वाक्यात कुणाची तरी बायको होऊन बसली.

दादा म्हणजे ताईचा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. पूर्वी हा विभाग त्याचाच होता. शुक्राचा मोठा नकाशासंग्रह त्यानं केला, आणि चार वर्षांपूर्वी याच इमारतीच्या जिन्यात छाती धरून बसला तो उठलाच नाही.

शुक्र दिसतो इतका लख्ख की शेंबडं पोरही बोट दाखवील. पण चकाकतात ते त्याचे ढग. जमीन त्या ढगांच्या गोधडीखाली कायमची झाकलेली, आणि गोधडी कधी उचलली जात नाही. साधा कॅमेरा नेला तर नुसतं पांढरंफटक दिसतं. म्हणून तीस वर्षांपूर्वी एक यान रडार घेऊन गेलं होतं. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात, जमिनीवर आपटून परत येतात, आणि त्यावरून चित्र तयार होतं. या चित्रात ऊन-सावली नसते. खडबडीत जागा पांढरी, गुळगुळीत जागा काळी, एवढाच हिशेब. यानानं काही भाग दोनदा टिपला होता, आठ महिन्यांच्या अंतरानं. आता नवं यान जायचं होतं, म्हणून त्या जुन्या चित्रांच्या फिती साफ करून, दोन्ही फेऱ्यांची चित्रं एकमेकांवर नीट बसवून ठेवायची होती. डोळ्यांतून पाणी काढणारं काम. ताईनं ते वहिनीच्या गळ्यात घातलं.

वहिनीनं तक्रार केली नाही. पाच महिने ती मान खाली घालून तुकड्यावर तुकडा बसवत गेली. एका दुपारी एक तुकडा बसेचना.

मोठ्या ज्वालामुखीच्या उतारावर एक तोंड होतं. पहिल्या फेरीत ते बांगडीसारखं गोल आणि खोल दिसत होतं. आठ महिन्यांनंतरच्या चित्रात तेच तोंड भुईमुगाच्या शेंगेसारखं लांबट, आणि काठोकाठ भरलेलं. तिनं चहा तसाच ठेवला आणि छापील नकाशासंग्रह उघडला. तिथे दोन्ही चित्रं शेजारी शेजारी होती, दोन्हींत तोंड गोल, आणि खाली नवऱ्याच्या नावानिशी ओळ: बदल नाही. मेलेली जमीन, असं सगळे तीस वर्षं धरून चालले होते. पण छापलेल्या दुसऱ्या चित्रात शेजारची एक सरळ भेग त्या तोंडापाशी येऊन वाकली होती. पहिल्या चित्रात ती सुतासारखी सरळ होती.

ती ताईच्या खोलीत गेली. ताईनं चित्रांकडे दोन मिनिटं पाहिलं, मग चष्मा काढला.

"यान एकदा डावीकडून बघत होतं, एकदा उजवीकडून. कोन बदलला की आकार बदलतो. हे पहिल्या महिन्यात शिकवतात इथे."

"कोन धरूनच बघितलंय, ताई. तरी बसत नाही."

"वहिनी, तुम्ही पिकांचे नकाशे करायच्या. शेतातलं पीक आज असतं, उद्या नसतं. डोंगराचं तसं नसतं. जुळणीच्या जुन्या खुणा वापरा आणि पुढे चला."

"आणि ही भेग कशी वाकली?"

"पुढे चला म्हटलं ना मी."

वहिनी पुढे गेली नाही. सकाळी नेमून दिलेलं काम उरकायचं आणि दुपारी त्या तोंडाशी झटायचं, असा तिनं नेम धरला. तिनं संगणकावर एक गोल खड्डा केला आणि रडारनं तो डावीकडून, उजवीकडून, उभा, तिरका कसा दिसेल हे शंभरावर कोनांतून काढून पाहिलं. खड्डा चपटा झाला, एका बाजूला झुकला, पण शेंगेसारखा काही केल्या होईना.

ताईला सुगावा लागायला आठवडाही लागला नाही. आधी वहिनीचा मोठ्या संगणकावरचा वेळ गेला. मग तिचं टेबल खिडकीजवळून उचलून बोळात, झेरॉक्सच्या यंत्राला खेटून लावलं गेलं. येणारा-जाणारा तिच्या कोपराला धक्का देऊन "सॉरी वहिनी" म्हणायचा. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला मागितलेली अर्ध्या दिवसाची रजा नामंजूर झाली. ती आई ताईचीच होती, वहिनीची सासू, पण अर्जावर सही करताना ताईचा हात अडखळला नाही. जेवणाच्या सुट्टीत वहिनीच्या टेबलाशी कुणी बसेनासं झालं. एक जुना ड्राफ्ट्समन तेवढा जाता जाता पुटपुटला, "शुक्राचं काम आणि झारीत शुक्राचार्य. पाणी यायचं कुठून?" आणि कुणी ऐकलं तर नाही ना, हे बघत सटकला.

घरीही सुटका नव्हती. एकाच इमारतीत खाली वहिनी आणि सासूबाई, वर ताई. ताईनं लग्न केलं नव्हतं. रविवारी दुपारी ती खाली जेवायला यायची. त्या रविवारी तिनं पानावर बसल्या बसल्याच तोंड फोडलं.

"आई, तुझी सून दादाचं नाव मातीत घालायला निघालीय. त्याचा नकाशा चुकीचा आहे म्हणते."

सासूबाईंना दिसायचं कमी, पण ऐकू सगळं यायचं. "खरं का गं?"

"एक तुकडा चुकलाय, आई. एवढंच."

"जिवंत होता तेव्हा का नाही सांगितलंस त्याला?"

"तेव्हा मी बघितला नव्हता."

"मग आता तरी कशाला बघतेस?" सासूबाई म्हणाल्या. ताईनं शांतपणे पाणी ओतून घेतलं.

या घरात आपण तीस वर्षं राहिलो ते पाहुणी म्हणूनच, असं वहिनीला त्या दुपारी वाटून गेलं. पण दादाचा नकाशा चुकीचा, या ताईच्या वाक्यानंच तिचा संशय नेमका जागी आला. नवरा कामात भयंकर काटेकोर. भिंतीवरची चौकट तिरकी दिसली तर जेवता जेवता उठायचा. हा माणूस वाकलेली भेग बघून गप्प बसेल?

सोमवारी तिनं त्या तुकड्याची मूळ नोंद काढायला लावली. दोन चित्रं जुळवताना दोन्हींत सारखी दिसणारी ठिकाणं धरून खुणा करतात, आणि त्या खुणांवर चित्र बसवतात. एका तुकड्याला बारा-पंधरा खुणा पुरतात. इथे एकोणचाळीस होत्या, आणि जास्तीच्या चोवीस सगळ्या त्या तोंडाच्या काठावर. ओलं कापड चारी बाजूंनी ओढून टाचण्या माराव्यात तसं कुणीतरी ते लांबट तोंड ओढून ओढून गोल केलं होतं. त्या ओढाताणीत शेजारची भेग वाकली होती.

नोंदीखाली तारीख होती आणि जुळणी करणाऱ्याचा ऑपरेटर नंबर. सात.

तारीख वाचून वहिनी काही वेळ झेरॉक्सच्या यंत्राचा आवाज ऐकत बसली. तिच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती ती. लग्नात ताई ऑफिसातून थेट आली होती, कोपऱ्यात तासभर बसली आणि काम आहे म्हणून निघून गेली. सख्ख्या भावाचं लग्न, आणि हिला कामाची पडलीय, म्हणून पाहुण्यांनी नावं ठेवली होती.

ती कागद घेऊन ताईच्या खोलीत गेली आणि दार लावलं. ताईनं नंबर पाहिला. तिचा चेहरा बदलला नाही.

"मला माहीत होतं हे कधीतरी निघणार," ती म्हणाली. "तुमच्याच हातून निघावं हे मात्र नशीब."

"का केलंत?"

"चोवीस वर्षांची होते मी. महिनाअखेरीला नकाशा छपाईला जायचा होता आणि दादा बोहल्यावर चढला होता. तुमच्यासाठी. सगळं माझ्या एकटीच्या अंगावर. तुकडा बसेना. वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, म्हणून ओढून बसवला. दादानं परत आल्यावर विचारलं, बदल आहे का कुठे? मी म्हटलं, नाही. त्यानं लिहिलं, बदल नाही."

"नंतर तरी सांगायचं."

"नंतर कळलं तेव्हा नकाशा जगभर गेला होता आणि मला बढती मिळाली होती. तुम्ही सांगितलं असतंत?"

वहिनीनं तो कागद परत घेतला. मग म्हणाली, "गुरुवारच्या बैठकीत मी तोंडाबद्दल सांगणार आहे. नंबराबद्दल सांगणार नाही. जुळणी चुकली, एवढंच म्हणेन. तुम्ही आड येऊ नका."

"उपकार करताय?"

"नाही. मला ते तोंड नव्या यानाच्या यादीत हवंय."

ताई हसली. ते हसू वहिनीला आवडलं नाही.

गुरुवारी संचालकांच्या खोलीत बारा माणसं होती. नव्या यानानं आधी कुठे बघायचं ती यादी ठरायची होती. वहिनीला दहा मिनिटं मिळाली. तिनं दोन्ही चित्रं दाखवली, शंभर कोनांतला खड्डा दाखवला, वाकलेली भेग दाखवली. जमीन आठ महिन्यांत बदलली, म्हणजे ज्वालामुखी जागा आहे, असं सांगितलं. संचालक पुढे सरकून बसले.

"मग जुन्या नकाशात हे कसं दिसलं नाही?"

वहिनी सांगू लागण्याआधी ताई बोलली. आवाज अगदी मऊ होता. "सर, तेव्हा जुळणीचं सगळं दादाच बघायचा. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, माझा तर थोरला भाऊ, पाठीराखा होता तो. पण छपाई तोंडावर आली की घाई करायचा. त्याच्या हातून झालं असेल. विभागातर्फे मी दिलगिरी व्यक्त करते."

खोलीत दोघा-तिघांनी सहानुभूतीनं माना हलवल्या. वहिनीची कानशिलं तापली. शोध मान्य, दोष मेलेल्यावर, आणि दिलगिरीचं मोठेपण ताईच्या पदरात. साप मेला आणि काठी मोडली नाही. तिनं फाइलीतला शेवटचा कागद काढला. तो दाखवायचा नाही असं तिनं खरोखरच ठरवलं होतं.

"हा तुकडा सतरा तारखेला जुळवलाय," ती म्हणाली. "ते पंधरापासून दहा दिवस रजेवर होते. रजेच्या अर्जात कारण लिहिलंय, स्वतःचं लग्न. ते लग्नात हजर होते, याला मी साक्षीदार आहे."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं.

"ऑपरेटर नंबर सात. हा नंबर कुणाचा ते विचारायला लांब जायला नको. ताई आजही तोच वापरतात."

ताईनं टेबलावरचे आपले कागद एकावर एक रचले, उठली, आणि दार हळूच ओढून घेऊन गेली. यादीत ते तोंड पहिल्या क्रमांकावर गेलं. महिन्याभरानं ताईनं मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपसमारंभ नको म्हणाली, आणि कुणी आग्रहही केला नाही. विभाग वहिनीकडे आला. लोक आता तिला मॅडम म्हणू लागले, त्यातही माया नव्हती.

सासूबाईंना ताईनंच सांगितलं, आपल्या पद्धतीनं. त्या संध्याकाळी त्या खुर्चीत ताठ बसून होत्या.

"एका लेकराचं नाव राखायला दुसऱ्याचं घालवलंस."

"आई, ताई त्यांचं नाव घालवायला निघाल्या होत्या."

"तो गेलाय. त्याला काय फरक पडणार होता? हिला अजून जगायचंय, याच लोकांत." त्या काठी शोधू लागल्या. वहिनीनं ती हातात दिली. "माझे कपडे वर पाठव. तू वाईट आहेस असं म्हणत नाही मी. पण ती पोटची आहे."

वहिनीनं कपडे घडी करून, औषधांच्या डबीसकट वर नेऊन दिले. ताईनं दारातूनच घेतले. त्यानंतर चार महिने जिन्यात समोरासमोर आल्या की दोघीही भिंतीकडे बघायच्या.

एका सकाळी मात्र ताई वरच्या पायरीवर थांबली. हातात दुधाची पिशवी होती.

"तुमचा अहवाल वाचला. तोंड दुप्पट झालं असं लिहिलंय. चूक आहे."

"चूक कशी?"

"वरच्या कडेचा उजळ पट्टा तुम्ही तोंडात धरलाय. तो आतला भाग नाही, रडारकडे तोंड केलेला उतार आहे. तो सोडून मोजा. पावणेदोन पटीच्या वर जात नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"तीस वर्षं मी दुसरं काय बघत होते?" ताई म्हणाली आणि वर निघून गेली.

वहिनीनं ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं आणि पुन्हा मोजलं. पट्टा वगळून एकदा, मग वेगळ्या पद्धतीनं आणखी एकदा. दोन्ही वेळा पावणेदोनच्या आतच आलं. ताईचं बरोबर होतं. तिनं दुरुस्तीचा कागद भरायला घेतला. जुना आकडा, नवा आकडा, कारण. शेवटच्या रकान्यात, चूक कुणी लक्षात आणून दिली, तिथे तिचं पेन बराच वेळ थांबलं. मग तिनं तिथे एक आडवी रेघ ओढली, खाली सही केली आणि कागद पुढे पाठवून दिला.