तापलेला शाफ्ट

मिस्त्रींचं डोकं फिरलं होतं, आणि का नाही फिरणार? सव्वीस वर्षं लोखंड कापायच्या लेथवर उभं राहून पायांच्या शिरा फुगल्या, पण एक जॉब त्यांच्या हातून वाया गेला नव्हता. आज शाफ्ट बेअरिंगमध्ये खुळखुळत होता आणि सुपरवायझर मालकांना बिनदिक्कत सांगत होता, "मिस्त्रींनीच जास्त कापला."

सुपरवायझर म्हणजे कोण? सख्खा मेहुणा! बायकोने डोकं खाल्लं म्हणून मिस्त्रींनीच शब्द टाकून त्याला इथे चिकटवला होता.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत शाफ्ट कापून कापून चटका बसेल इतका तापला होता. तापलेलं लोखंड फुगतं, निवलं की आकसतं. म्हणून मापापेक्षा केसभर जाड ठेवून, मशीन बंद करून मिस्त्री मालकांबरोबर जेवायला गेले. शेवटचा हात निवल्यावरच मारायचा, ही त्यांची रीत. परत येऊन मोजतात तर शाफ्ट बारीक!

"आता जाड कसा करणार?" मालक वैतागून म्हणाले. "दुसरा तुकडा यायला महिना जाईल. मिस्त्री, उद्यापासून येऊ नका."

"अहो, मी हातसुद्धा लावला नाही!"

"भाऊजी, कशाला नाकबूल करता?" मेहुणा म्हणाला. "सुट्टीत मी स्वतः मोजला. तेव्हा अगदी मापात होता. नंतर तुम्हीच कापला."

"थांब!" मिस्त्री असे कडाडले की शेजारच्याने मशीन बंद केलं. "सुट्टीत गरम होता ना?"

"हो. फडक्याने पुसून मोजला."

"गरम असताना मापात, तर निवल्यावर बारीक होणारच की रे गाढवा! मी केसभर जाड ठेवून गेलो होतो. तेवढं कोणी काढलं?"

मालकांची सुरुवातही लेथवरच झालेली. ते गरम मापाचं गणित लगेच समजले आणि मेहुण्याकडे वळले.

"मला वाटलं, थोडंच राहिलंय, उरकून टाकावं," तो पुटपुटला.

"तुझा हिशेब घे आणि चालता हो," मालक म्हणाले.

मेहुण्याने मिस्त्रींना दारात गाठलं. "भाऊजी, ताईला सांगू नका. पाया पडतो."

मिस्त्रींचा हात उठलाच होता, तो त्यांनी कसाबसा आवरला. "मी कशाला सांगू? मघाशी माझी नोकरी जात होती, तेव्हा ताई आठवली नाही तुला? चल घरी. कोणाचा संसार उघड्यावर आणत होतास, ते तिच्या तोंडावर तूच सांग."