गुण आला तर
समुपदेशक बाईंनी सारिकाच्या गोळ्यांच्या जोडीला एखादं जनावर पाळायला सांगितलं, तेव्हा अनिलला हसूच आलं. पण बाई गंभीर होत्या. सातव्या महिन्यात मूल पोटातच गेल्यापासून सारिका नुसती पडून असायची. अंघोळ नाही, बोलणं नाही. "तिच्यावाचून ज्याचं अडेल असं काहीतरी तिच्या हाती द्या," बाई म्हणाल्या. "करडू असलं तरी चालेल."

अनिलच्या आईनं, बाईजानं, हे ऐकून एवढंच सांगितलं, "करडू आन, पन बोकडच आन. सूनबाईला गुण आला तर गावदेवीला देऊ." अनिललाही ते पटलं. औषधही तेच आणि नवसही तोच! देवीपुढे नारळ ठेवून तो स्वतःच्या तोंडानं तसं बोलून आला. चांगल्या शहाण्या माणसाची अक्कल कधी चरायला जाईल, सांगता येत नाही.

धसईच्या बाजारातून आणलेल्या करडाकडे सारिकानं चार दिवस ढुंकूनही पाहिलं नाही. पाचव्या दिवशी ते तिचा पदर चघळायला लागलं आणि ती उठून बसली. तिनं त्याचं नाव बारक्या ठेवलं. त्याच्यासाठी उंबराचा पाला आणायला ती बाहेर पडू लागली, वाटेत बायकांशी बोलू लागली, भूक लागली म्हणू लागली. दिवाळीला तर ती खळखळून हसली. ते हसू ऐकून अनिलला मात्र नवस आठवला.

मार्गशीर्षात बाईजानं नवस फेडायचा दिवस धरला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. अनिलनं सारिकाला सगळं सांगून टाकलं.

ती रडली नाही. "नि मला गुण आलाच नाय तर?"

"तर बोकड द्यायचा नाय."

"मंग नाय आला."

दुसऱ्या सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही. बाईजा घाबरली, धरलेला दिवस पुढे ढकलला. "भिऊ नका," सारिका नवऱ्याच्या कानात म्हणाली, "नाटक हाय." मग दोघांचं ठरलं. घरात ताट परत पाठवायचं. आई रानात गेली की अनिलनं गोठ्यात भाकरी आणि गोळ्या ठेवायच्या. पहिला आठवडा ती बारक्याशेजारी बसून चोरून जेवली, सासूची नक्कल करून हसलीसुद्धा.

पुढच्या आठवड्यात अर्धी भाकरी उरायला लागली. मग सगळीच. एकदा अनिलनं पाहिलं, बारक्या भाकरी खात होता आणि ती त्याच्याकडे नुसती बघत होती. गोळ्या गव्हाणीतच पडलेल्या. त्यानंतर ती गोठ्याकडे फिरकली नाही. बारक्या ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा. अनिल स्वतःला समजवायचा, की नाटक आता चांगलं जमलंय हिला.

आठ दिवसांनी त्याचा धीर सुटला. तो तिच्या उशाशी बसला. "पुरे झालं गो. मी नवस मोडतो. देवी काय कोपायची ती माझ्यावर कोपू दे. बारक्याला कोनी हात लावनार नाय."

सारिकानं डोळे उघडले. गोठ्यातून बारक्याचा आवाज येत होता.

"न्या त्याला," ती म्हणाली.

"कुठं?"

"देवीला. नायतर कुठंही न्या."

आणि तिनं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.